एक हात विरोधात

मक्याच्या ग्रिट्सची वाफ केव्हाच विरली होती, तरी व्हर्डेलने चमचा उचलला नव्हता. समोर होझिया मॅब्री गळ्यातला टाय तिसऱ्यांदा सोडून बांधत होता. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. बायको बोलत असली की घर ठीक असतं. ती गप्प बसून टेबलावरचे कण बोटाने गोळा करायला लागली की आपण जपून राहावं.

"आज ठराव कोण मांडणार?" तिने विचारलं.

"डीकन मंडळाचा अध्यक्ष मांडतो. नेहमीसारखा."

"आणि अध्यक्ष कोण आहे?"

"व्हर्डेल, सकाळी सकाळी माझी परीक्षा घेऊ नकोस."

"परीक्षा कसली? नाव विचारतेय."

होझियाने टायची गाठ घट्ट केली. तीही वाकडीच बसली.

गेल्या रविवारी उपदेश संपल्यावर रेव्हरंड बॉयकिननी दोन्ही हात पसरले होते आणि मंडळीचं दार उघडं आहे, ज्याला यायचं त्याने यावं, असं म्हटलं होतं. न्यू एलीम या कृष्णवर्णीयांच्या चर्चमंडळीत हे वाक्य दीडशे वर्षं दर रविवारी म्हटलं जातं. होझियाच्या पणजोबांनी, गुलामीतून सुटलेल्या सायलस मॅब्रींनी, इथे चार खांबांवर पहिलं छप्पर घातलं तेव्हाही ते असंच म्हटलं गेलं असणार. बहुतेक रविवारी कोणी येत नाही. गायन मंडळ दोन कडवी गातं आणि लोक टोप्या, पर्सा सावरायला लागतात. त्या दिवशी मात्र शेवटच्या बाकावरून एक उंच माणूस उठला. कानाजवळचे केस पिकलेले, सदरा नवाकोरा, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. तो मधल्या वाटेने सावकाश पुढे आला आणि ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून म्हणाला, "माझं नाव जार्विस पेटवे."

चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. अलाबामातल्या त्या लहानशा कॅलोवे गावात हे नाव माहीत नाही असं घर नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी स्केटिंग हॉलच्या आवारात, सतरा वर्षांच्या जार्विसने होझिया आणि व्हर्डेलच्या थोरल्या मुलाला, रूबेनला, गोळी घातली होती. रूबेन वीस वर्षांचा होता.

रेव्हरंडनी जार्विसच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सभासदत्वाचा निर्णय आठ दिवसांनी, जेवणानंतरच्या सभेत घेऊ, असं जाहीर केलं. या मंडळीत नवा माणूस हात वर करून घेतला जातो. आधी डीकनांच्या, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांच्या, अध्यक्षाने ठराव मांडायचा, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, मग मतं. आजवर कधी विरोध झालेला होझियाला आठवत नव्हता.

"तू पहिली सही केली होतीस," तो हळू आवाजात म्हणाला.

त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं. लहान वयात गुन्हा केलेल्यांना मरेपर्यंत कोंडून ठेवू नये, म्हणून मंडळीने सहा वर्षांपूर्वी अर्ज फिरवला होता. मंडळीची मदर, म्हणजे मानाची ज्येष्ठ स्त्री, म्हणून पहिली सही व्हर्डेलची होती. मग कायदा हलला, खटले पुन्हा उघडले, आणि आठ महिन्यांपूर्वी जार्विस बाहेर आला.

"मी कायद्यासाठी सही केली, होझिया. शेजारच्या बाकासाठी नाही."

"मला अजून काही ठरवता आलेलं नाही."

"अठराव्या वर्षी तू नागरी हक्कांच्या मोर्चात गेलास. नऊ दिवस तुरुंगात राहिलास. तेव्हा ठरवायला आठवडा लागला नव्हता."

"तेव्हा समोर शेरीफ होता," होझिया म्हणाला. "आज समोर तू आहेस."

व्हर्डेलला हसू आलं नाही, पण तिने चमचा उचलला. ग्रिट्स गार झाले होते. तिने तसेच खाल्ले.

०

उपासना संपली आणि सभागृहात ताटं वाजायला लागली. मागच्या स्वयंपाकघरात कॉर्लिस कॉर्नब्रेडचे चौकोन कापत होती. ती मॅब्रींची थोरली लेक, पन्नाशीची, गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. शेजारी तिची आत्या अर्नेस्टीन कोलार्डची भाजी ढवळत होती.

"एवढे छोटे तुकडे?" आत्या म्हणाली. "वर्गात खडू वाटतेयस का?"

"दीडशे माणसं आहेत, आत्या. एरवी ऐंशी असतात."

"हो ना. आजारी होते तेही आले. ज्यांना आपण मेले समजत होतो तेही आलेत." अर्नेस्टीनने डाव कढईच्या कडेवर आपटला. "माझं मत विचारशील तर सांगते. क्षमा करणं हे देवाचं काम. त्यासाठी त्याला अख्खं स्वर्गाचं राज्य दिलंय. मला काय दिलंय? ही कढई."

कॉर्लिसने मत विचारलंच नव्हतं. तिचं लक्ष दाराकडे होतं. तिचा धाकटा भाऊ डेल्विन पहाटे अटलांटाहून गाडी हाकत आला होता आणि आल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आईच्या शेजारी बसला, आईबरोबर उठला. दोघांनी मिळून भिंत उभी केल्यासारखं होतं, आणि आपण भिंतीच्या पलीकडे आहोत हे कॉर्लिसला कळत होतं.

तेवढ्यात व्हर्डेल रिकामा ट्रे घेऊन आत आली.

"बरं झालं आलीस," अर्नेस्टीन म्हणाली. "मी या पोरीला हेच सांगत होते. कॉर्लिस, तीन महिने त्याला दर शनिवारी वाढत होतीस, तेव्हाच कानाला धरून बाहेर काढायचं होतंस, म्हणजे आज हा दिवस..."

ती थांबली. फार उशिरा थांबली.

व्हर्डेलने ट्रे खाली ठेवला. "तीन महिने?"

तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी मंडळी दर शनिवारी न्याहारी ठेवते. ते काम कॉर्लिसचं. तिथला नियम एकच, आडनाव विचारायचं नाही. हे व्हर्डेललाही ठाऊक होतं, तिनेच तो नियम मंजूर केला होता.

"चौथ्या शनिवारी कळलं," कॉर्लिस म्हणाली. सुरी तिच्या हातात तशीच होती. "खाऊन झाल्यावर तो भांडी घासायला आत आला. स्वतःच म्हणाला, मी जार्विस पेटवे आहे, मॅडम. हाकलणार असाल तर आत्ताच हाकला, उगाच भांडी घासून घेऊ नका."

"मग?"

"मी म्हटलं, कढई राहिलीय."

अर्नेस्टीनने भाजीवर झाकण ठेवलं आणि ते नीट बसलंय का हे बराच वेळ पाहत राहिली.

"त्याला तू कढई दिलीस," व्हर्डेल म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि मला? दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन, आई, गुडघा कसा आहे. आई, औषध घेतलंस का."

"तुला त्रास होऊ नये म्हणून नाही सांगितलं."

"मी काचेचं भांडं नाही, कॉर्लिस. रूबेनला शवपेटीत मी माझ्या हाताने कपडे घातले. सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं, ते लावलं. तेव्हा फुटले नाही मी. तुला खरंच वाटलं की मी फुटेन? का वाटलं की मी नाही म्हणेन?"

वर्गातल्या मुलांना कॉर्लिस रोज सांगायची की खोटं बोललेलं डोळ्यांत दिसतं. तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही म्हणशील असं वाटलं."

"हं. तीन महिन्यांनी एक वाक्य खरं बोललीस."

व्हर्डेलने कॉर्नब्रेडचा ट्रे भरून घेतला आणि बाहेर गेली. कॉर्लिस ओट्याला टेकून उभी राहिली. भाऊ गेला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आई रडली, बाबा मुके झाले, डेल्विनने जेवण टाकलं. तिने समित्या काढल्या. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, राजधानीला गाड्या भरून माणसं नेली. सगळ्यांच्या मुलांसाठी न्याय मागता मागता आईशी खरं बोलायचं मात्र तिने पुढे ढकललं होतं. ती चूक होती. पण जार्विसला कढई दिली ती चूक होती असं तिला अजूनही वाटत नव्हतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असल्याने तिला बसायला जागा उरली नव्हती.

"माझी जीभ कापून या भाजीत टाक," अर्नेस्टीन पुटपुटली.

"भाजी नासेल, आत्या," कॉर्लिस म्हणाली आणि डोळे पुसून पुढचा चौकोन कापायला लागली.

०

ज्याच्यावर मतदान व्हायचं तो सभेत बसत नाही. म्हणून जार्विस बाहेर पेकानच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीवर बसला होता. कोणीतरी त्याला भरून ताट दिलं होतं. मांडीवर कोंबडीची तंगडी आणि भाजी गार होत होती.

डेल्विन पायऱ्या उतरून सरळ त्याच्याकडे गेला. अटलांटापासूनच्या वाटेत त्याने काय बोलायचं ते पाठ केलं होतं. समोर गेल्यावर त्यातला पहिला शब्दही तोंडात आला नाही. सतरा वर्षांचा एक मुलगा त्याच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं होता. इथे चष्मा लावलेला, खांदे पडलेला माणूस बसला होता.

जार्विस ताट खाली ठेवून उठला. "तुम्ही डेल्विन."

"बस. उभा राहू नकोस."

तो बसला. डेल्विन उभाच राहिला.

"या तालुक्यात चाळीस तरी मंडळ्या आहेत," डेल्विन म्हणाला. "तुझ्या मामाची आहे. नदीपलीकडे आहे. कुठेही जायचं होतंस. माझी आई जिथे पहिल्या बाकावर बसते, तीच हवी होती?"

"दुसरीकडे गेलो होतो. दोन ठिकाणी." जार्विस शब्द जपून वापरत होता. "तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. सगळे म्हणाले, ये, जुनं गेलं, आता तू नवा माणूस. मला बरं वाटलं. मग घरी येऊन लाज वाटली. ते ज्याला नवा म्हणत होते त्याने काय केलंय ते त्यांना माहीतच नव्हतं. इथे सगळ्यांना माहीत आहे. इथे कोणी मला ये म्हटलं तर ते मलाच म्हटलेलं असेल."

"आणि आईने काय करायचं? दर रविवारी तुझ्याकडे बघायचं?"

"तुम्ही जा म्हणालात तर मी आत्ता जातो. खरंच जातो. पुन्हा दिसणार नाही."

"ते माझ्या गळ्यात घालू नकोस," डेल्विन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. तो काही वेळ आवारातल्या गाड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं ते पाठ केलेल्यातलं नव्हतं. "तू कोर्टात सांगितलं का नाहीस?"

कोणती गोष्ट, असं जार्विसने विचारलं नाही. एवढ्यावरूनच डेल्विनला कळलं की याच्याही डोक्यात ती संध्याकाळ तशीच्या तशी आहे.

त्या संध्याकाळी स्केटिंग हॉलमध्ये जार्विसच्या बुटाचा तळ सुटला होता आणि त्याने तो वायरने बांधला होता. सोळा वर्षांच्या डेल्विनने ते सगळ्यांना दाखवलं. मुली हसल्या. जार्विसने त्याला ढकललं, तेव्हा डेल्विनने त्याच्या कानाखाली वाजवली. पुन्हा सगळे हसले. जार्विस निघून गेला, आणि अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या मामाचं पिस्तूल होतं. तो डेल्विनला शोधत होता. रूबेन मध्ये पडला. पोलिसांनी विचारलं तेव्हा डेल्विन म्हणाला, मुलांचं काहीतरी जुनं भांडण होतं. हसलेल्यांपैकीही कोणी पुढे आलं नाही. तेच कागदावर आलं आणि तेच घरात राहिलं.

"सांगून काय झालं असतं?" जार्विस म्हणाला. "वकील म्हणाला होता, सांग, शिक्षा कमी होईल. पण तुमच्याकडे फक्त हात होता. पिस्तूल मी आणलं. घरी जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा मिनिटं. वाटेत किती वेळा मागे फिरता आलं असतं. ती थप्पड कारण म्हणून सांगितली असती तर मी तुरुंगात बसून तुम्हाला मारत राहिलो असतो. रोज." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी एकाला मारलं तेवढं पुरे होतं."

डेल्विनला खाली बसावंसं वाटलं. दुसरी खुर्ची नव्हती. तो झाडाच्या मुळावर टेकला, चांगल्या पॅंटनिशी. सभागृहातून ताटं गोळा केल्याचा आवाज येत होता.

"खाऊन घे," शेवटी डेल्विन म्हणाला. "आत्याने विचारलं की ताट का परतलं, तर तुझी खैर नाही."

०

सभागृहात जाणाऱ्या बोळात व्हर्डेल भिंतीला हात लावून उभी होती. आत खुर्च्या सरकत होत्या. तिला एक मिनिट एकटीला हवं होतं, पण डेल्विन समोर आला आणि त्याच्या पॅंटला माती लागलेली होती.

"आई, तुला काहीतरी सांगायचंय."

"तूही?" ती म्हणाली. "बरं, सांग. आज मी सगळ्यांचं ऐकतेय."

त्याने सांगितलं. बूट, वायर, मुली, थप्पड. कुठेही न थांबता, लहानपणी बायबलची वचनं म्हणून दाखवायचा तसा, डोळे तिच्या खांद्यावर ठेवून. गोळी माझ्यासाठी होती, असं म्हणाला तेव्हाच काय ते त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

व्हर्डेलने मुलाकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांचा होता. दोन लग्नं मोडली होती. नाताळला घरी आला की रूबेनच्या फोटोकडे पाठ करून बसायचा, आणि तिला वाटायचं, दुःख आहे. दुःख तर होतंच. पण तो पंचवीस वर्षं आणखी काहीतरी उचलून चालत होता आणि ती रोज त्याच्यासाठी भलतीच प्रार्थना करत होती.

तिला राग आला. तो कुठे ठेवायचा ते कळेना. एका थपडेवर ठेवावा तर ती एका पोराची थप्पड होती.

"कुठला हात?" तिने विचारलं.

"काय?"

"कुठल्या हाताने मारलंस?"

त्याने उजवा पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. हात गार होता, घामेजलेला. ती क्षमा वगैरे काही बोलली नाही. नुसता धरून ठेवला, आतून घंटी वाजेपर्यंत.

"चल," ती म्हणाली. "नाक पूस. सुरू करतील."

रेव्हरंड बॉयकिन अडतीस वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेले. त्यांनी छोटी प्रार्थना केली आणि होझियाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. होझिया गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठला.

"मी आठवडाभर ठरवत होतो," तो म्हणाला. "काल रूबेनच्या कबरीवरही गेलो. तिथे काही उत्तर मिळालं नाही, फक्त गवत वाढलंय एवढं दिसलं." कोणीतरी हळूच हुंकार दिला. "माझे वडील या खोलीत रात्ररात्र मोर्चातल्या माणसांना झोपायला देत. आमच्या घरातले म्हणायचे, यातला एखादा चोर निघाला तर? वडील म्हणायचे, निघेल एखादा. मी ते हसून ऐकायचो, कारण आमच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं. नंतर नेण्यासारखं होतं ते गेलं." तो थांबला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. "जार्विस पेटवे यांना न्यू एलीम मंडळीत सभासद करून घ्यावं, असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदन?" रेव्हरंडनी विचारलं.

पंख्यांचा आवाज. कॉर्लिस उठायला लागली होती, तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला.

"माझं अनुमोदन," डेल्विन म्हणाला.

कॉर्लिसने वळून भावाकडे पाहिलं. कुजबुज झाली, ती रेव्हरंडच्या हाताच्या खुणेने थांबली.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. काही पटकन, काही आजूबाजूला पाहून. अर्नेस्टीनचा सगळ्यात शेवटी, कोपरातून अर्धाच, जणू खाज सुटली म्हणून उचलला असावा तसा. खोली हातांनी भरून गेली.

"प्रतिकूल?" हे रेव्हरंडनी सवयीने विचारलं आणि सवयीने कागद मिटायला घेतला.

व्हर्डेलने हात वर केला.

एकच हात. रेव्हरंडच्या हातातला कागद अर्धा मिटलेला राहिला.

"मदर मॅब्री," ते म्हणाले, "आपल्याला हवं असेल तर आपण हा विषय आज..."

"विषय झाला, रेव्हरंड. मतं पडली. तो आत आला." ती उभी राहिली. गुडघा दुखला, तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मी कोणाला अडवत नाही. माझ्या नवऱ्याने ठराव मांडला, मुलाने अनुमोदन दिलं, मुलीने तर तीन महिने आधीच मतदान केलं." दोघे-चौघे हसले. "तिघांनीही मनापासून केलं. मला त्यांची लाज वाटत नाही. पण बाहेरचे लोक आमच्याकडून हेच धरून चालतात. आमची मुलं मरावीत आणि आम्ही संध्याकाळपर्यंत क्षमा करून मोकळं व्हावं, म्हणजे सगळ्यांना नीट झोप लागते. निदान इथे तरी मला तसं करायला लावू नका. सगळेच हात वर गेले, एकही खाली राहिला नाही, तर रूबेन या मंडळीत कधी नव्हताच असं होईल. म्हणून एक हात विरोधात. सिस्टर लोराइन, वहीत लिहा. नुसतं एक म्हणून नको. पूर्ण नाव लिहा. व्हर्डेल अ‍ॅन मॅब्री."

चिटणीस लोराइनने लिहिलं. पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"लिहिलं, मदर."

"आभारी आहे." व्हर्डेल खाली बसली. होझिया आपली जागा सोडून आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने तिने आपली पर्स मांडीवरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, नेहमी ठेवायची तशी.

जार्विसला आत बोलावलं. निकाल कॉर्लिसनेच सांगितला असावा, आणि एका हाताबद्दलही, कारण तो मान खाली घालून आला. रिवाजाप्रमाणे त्याला पुढे उभं केलं आणि सगळी मंडळी रांगेने त्याच्याशी हात मिळवायला निघाली. म्हाताऱ्यांनी त्याच्या गालाला हात लावला. डेल्विनने हात मिळवला आणि लगेच सोडला नाही. अर्नेस्टीन म्हणाली, "ताट स्वच्छ केलंस ते मी पाहिलं," आणि पुढे गेली.

रांग संपली तरी व्हर्डेल बसून होती. रेव्हरंड वाकून तिच्या कानाशी आले.

"मदर, नव्या सभासदांचे सहा आठवड्यांचे धडे... ते या वेळी सिस्टर लोराइन घेतील. मी तिला सांगतो."

"चाळीस वर्षं मी घेतेय."

"हो, पण..."

"लोराइनला दहा आज्ञा क्रमाने येत नाहीत." ती उठली. होझियाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. एकटी चालत पुढे गेली.

ती जार्विससमोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, पण ती मान वर करून पाहत होती आणि तो खाली पाहत होता. तिने हात पुढे केला नाही. त्यानेही केला नाही.

"मंगळवारी सकाळी दहा वाजता," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. बायबल आण, पेन्सिल आण. मी उसनी देत नाही. दहा म्हणजे दहा."

"हो."

"पाच मंगळवार मी शिकवीन. सहाव्या मंगळवारी तू बोलायचंस. त्या संध्याकाळी घरून निघालास तिथपासून. काय घातलं होतंस, कुठल्या रस्त्याने गेलास, रूबेन शेवटचं काय म्हणाला. सगळं. इतक्या वर्षांत मला कोणी ते सांगितलेलं नाही. सगळे मला जपत राहिले."

"सांगेन, मदर."

"मदर नको," व्हर्डेल म्हणाली. "सध्या मिसेस मॅब्री म्हण."

"हो, मिसेस मॅब्री."

तिने मान हलवली आणि कॉर्लिसला हाक मारली, टेबलं अजून पुसायची राहिली होती.